माघातला चैत

पाखऱ्यानं मामांचा खांदा दातात धरला, तेव्हा मी घोड्याच्या ठाणाच्या दारात भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी घेऊन उभी होते. सकाळची वेळ. पौषातली थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मामांनी रोजच्यासारखा खरारा हातात घेतला, "व्हय रं राजा, व्हय" म्हणत घोड्याच्या मानेवर थाप मारली, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्या जनावरानं मान फिरवून घोंगडीसकट त्यांचा खांदा पकडला.

मामा ओरडले नाहीत. दुसऱ्या हातानं त्यांनी पाखऱ्याच्या नाकपुड्या दाबल्या, तसं त्यानं सोडलं. घोंगडी जाड होती म्हणून बरं, नाहीतर मांसाचा लचकाच निघाला असता.

"लागलं का वो मामा?"

"न्हाई. पाटी ठिव खाली आन् माघारी जा."

"पर त्यानं असं कधी—"

"फुला, माघारी जा म्हनलं न्हवं?"

मामा म्हणजे माझे सासरे, येताळबा रूपनवर. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्याबाई. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. तोवर मामांनी माझ्याशी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही. ते जनावरांशीसुद्धा हळू बोलायचे. त्या सकाळी मात्र त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रागानं कापत नव्हता एवढं मला कळलं.

पाखऱ्या हा पिंगळवाडीच्या भैरोबाचा घोडा. पंचकल्याणी. तोंडावर पांढरा पट्टा आणि चारी पाय पांढरे. त्याला सांभाळायचा मान रूपनवरांच्या घराचा, पिढ्यान्‌पिढ्या. देवाचा घोडा अंडील लागतो, खच्ची केलेला चालत नाही, असा नेम. वर्षातला त्याचा मोठा दिवस म्हणजे माघी पुनव. त्या दिवशी देवाचा मुखवटा त्याच्या पाठीवर बसायचा, आणि वर्षभरात गावात जन्मलेलं प्रत्येक मूल त्याच्या पोटाखालून काढायचं. एका अंगानं रूपनवरांच्या घरची बाई पोर आत द्यायची, दुसऱ्या अंगानं पोराची आई घ्यायची. एवढं केलं की पोराला दृष्ट नाही, आकडी नाही, गोवर आला तरी निभावतो. हसायचं असेल तर हसा. ज्या गावात डॉक्टर आठवड्याच्या बाजाराला यायचा, त्या गावातल्या आईला घोडा तर रोज दिसत होता ना?

आता तुम्ही म्हणाल, अंडील घोड्याच्या पोटाखालून तान्ही पोरं काढायची म्हणजे या लोकांची डोकी फिरली होती की काय! तर तसं नव्हतं. माघात पाखऱ्या गाईहून गरीब असायचा. त्याचा माज यायचा चैतात, ऊन तापायला लागलं की. मग मामा त्याला गावाबाहेर रानातल्या वस्तीवर नेऊन बांधायचे. पुढं आगाडी, मागं पिछाडी, दोन्हीकडून दोर. बाईमाणसानं तिकडं फिरकायचंसुद्धा नाही. दसरा आला की गडी पुन्हा शहाणा, पुन्हा देवळाशेजारच्या आपल्या ठाणावर. त्याच्या आधीचा घोडाही असाच आणि त्याच्या आधीचाही. माघी पुनव ज्या कुणी ठरवली, त्याला घोडं कळत होतं एवढं नक्की.

म्हणून त्या सकाळी मामांचा आवाज कापला. माघ अजून लागलासुद्धा नव्हता.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत सगळ्या गावाला कळलं. पाखऱ्या वैरणीला तोंड लावेना. दिवसभर टापांनी जमीन उकरायचा. वरचा ओठ दुमडून आभाळाकडं बघत उभा राहायचा. एकदा त्यानं मागच्या पायांनी भिंतीतला दगड पाडला. खिंकाळला की देवळातल्या घंटेवर आवाज घुमायचा. आणि माझ्या वाटणीला तर रोजचं जाणं होतं. दसऱ्याला आत्याबाई पाय घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून पाखऱ्याचं दाणा-पाणी माझ्याकडं आलं होतं. मी जीव मुठीत धरून जायची. पाटी काठीनं आत सरकवायची आणि पळत सुटायची.

मामा ठाणासमोर दगडावर बसून त्याच्याकडं बघत राहायचे.

"ह्यो चैताचा माज हाय," एकदा ते माझ्याशी म्हणाले. खरं तर स्वतःशीच म्हणाले. "धडधडीत चैताचा. मी काय आज बघतोय व्हय घोडं? पर ह्यो पौषात आला कुठनं?"

"दाण्यानं असंल का मामा? हरभरा जास्त होत असंल."

"तेवढाच हाय. मी बघतो की रोज."

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. लांबूनच बघून म्हणाले, "घोडा हंगामावर आलाय. तब्येतीत काही खोट नाही."

"ते मला बी कळतंय सायेब. पर आत्ता कसा?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. "ते नाही सांगता येणार. होतं कधीकधी. खच्ची करून टाका, महिन्याभरात गार होईल."

"देवाचा घोडा हाय सायेब."

"मग देवालाच विचारा," म्हणून डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत.

देवाला विचारायचं काम रामा गुरवाकडं. देवळाची पूजा त्याची. त्यानं एका रविवारी घरातल्या सगळ्यांना देवळात बसवलं, भंडारा उधळला, आणि डोळे मिटून बराच वेळ डुलला. मग म्हणाला, "येताळबा, घरात नवं काय आलं ह्या सालात?"

 नवी गाय नाही, नवं भांडं नाही, घर शाकारलं तेही जुन्याच कौलांनी. मी मान खाली घालून बसले होते, तरी मला कळलं की हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागलेत.

"सून आली," आत्याबाई म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर वाईट मनानं नाही म्हणाल्या. त्यांना उत्तर सापडलं होतं एवढंच.

"दसऱ्यापासनं दाणा कुणाच्या हातचा?"

"तिच्याच."

 माझा नवरा सोपान शेजारीच बसलेला. मी त्याच्याकडं बघितलं. तो खांबाकडं बघत होता. मामा तेवढे म्हणाले, "रामा, पोरीचा काय संबंद? मी म्हनतोय तुला, जनावर माजावर आलंय."

"आन् कशापायी आलंय ते देव सांगतोय," रामा म्हणाला.

विटाळ झाला, पडछाया पडली, असं काय काय तो बोलला. पण गंमत बघा, मला बाजूला करायचीही सोय नव्हती. पुनवेला पोर आत द्यायला रूपनवरांच्या घरचीच बाई पाहिजे, आणि आत्याबाईंचं मनगट नीट जुळलंच नव्हतं, हात अजून गळ्यात बांधलेला. मग त्यानं उतारा सांगितला. मी पुनवेपर्यंत एकवेळ जेवायचं. ठाणाच्या उंबऱ्यावर रोज दिवेलागणीला हळद-कुंकू वाहायचं. "आन् ठाणात उजेड कमी पडतोय," तो म्हणाला. "सावली हाय तिथं नको ते बसतं. आतल्या अंगाला आनीक एक दिवा लावा."

आणिक एक असं तो म्हणाला, कारण एक दिवा होता. तो माझ्या वडलांनी लावलेला.

माझे वडील म्हणजे आण्णा, दादू कोळेकर, वायरमन. आमच्या भागात खांबावर चढणारा पहिला धनगर, असं ते छाती फुगवून सांगायचे. दिवाळसणाला मला न्यायला आले, तेव्हा त्यांनी मला संध्याकाळची कंदील घेऊन ठाणाकडं जाताना बघितलं. वाटेत दगडांचे ढीग, मध्ये निवडुंग. मी लहानपणापासून अंधाराला भिणारी.

"भ्या वाटतं का गं?" त्यांनी विचारलं होतं.

"वाटतं की. पर सांगू कुणाला?"

 भाऊबीज झाली आणि आण्णा मला सोडायला आले ते मर्क्युरीचा मोठा दिवा घेऊनच. स्वतःच्या पगारातनं घेतलेला. देवळाच्या पंचांना विचारून, देवळाच्या भिंतीला लोखंडी हात ठोकून त्यांनी तो असा बसवला की उजेड सगळ्या वाटेवर आणि थेट ठाणात पडावा. पहिल्यांदा लागला तेव्हा गाव जमलं होतं. नारळ फुटला. मामा म्हणाले, "कोळेकर, आता देवाचा घोडा अंधारात ऱ्हानार न्हाई." आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवस मावळला की दिवा लावायचा आणि उजाडलं की बंद करायचा, हे काम देवळातल्या पुजेसारखंच होऊन गेलं. पाखऱ्या सुरुवातीला त्या दिव्याकडं टकामका बघत उभा राहायचा.

लेकीवर बोल आलाय हे कानावर गेलं तसे आण्णा दुसऱ्याच दिवशी सायकल मारत आले. कुणाशी भांडले नाहीत. पोरीचा बाप भांडून काय करणार? थैलीतून दिवा काढला, वायर काढली, आणि पाखऱ्या वस्तीवर पाण्याला नेला होता तेवढ्या वेळात ठाणाच्या आढ्याला दुसरा दिवा बसवला. मी शिडी धरून उभी होते.

"आण्णा, मी काय केलं वो?"

"तू काय बी केलं न्हाईस."

"मग घोडं असं का करतंय?"

"मला काय घोड्यातलं कळतंय? मला तारंतलं कळतं." शिडीवरून उतरून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला गंजाचा वास येत होता. "तू भिऊ नगंस. उजेडात वंगाळ कायबी टिकत न्हाई बघ."

मीही तेच धरून बसले. दिवस मावळला की पहिलं काम दिव्यांचं. कधी वीज गेली तर मी देवळाच्या पायरीवर हात जोडून बसायची, की देवा येऊ दे, उजेड येऊ दे. आली की हायसं वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी घोडा आदल्या दिवशीपेक्षा जास्त पेटलेला असायचा.

पुनव जवळ आली तसे मामा चावडीवर गेले. मीही गेले होते, पाण्याची घागर घेऊन भिंतीआड उभी राहिले. मामा हात जोडून पंचांपुढं उभे होते. माझ्या सासऱ्यांना हात जोडलेलं मी देवासमोर सोडून कुठं बघितलं नव्हतं.

"औंदा पोरं नगंत," ते म्हणत होते. "मुखवटा फिरवू, गुलाल उधळू. पोटाखालनं पोरं नगंत. मी घोड्यातला मानूस हाय, ऐका माजं."

"येताळबा, देवाचा घोडा हाय त्यो. उभा ऱ्हाईल," एक पंच म्हणाले.

"देव वर बसतोय. खाली जनावर हाय."

"मागच्या साली कुंभाराचं पोर काढायचं राह्यलं होतं. पावसाळ्यात गेलं. आता त्याच सुनंला पोरगी झालीया. तिला जाऊन सांग तू, की औंदा न्हाई म्हनून."

मामांनी जोडलेले हात खाली घेतले.  ते तसेच निघाले आणि माझ्यासमोरून गेले, त्यांनी मला बघितलंसुद्धा नाही.

पुनवेच्या दिवशी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. गावात एकही घोडी ठेवली नव्हती. मामांनी स्वतः घरोघर फिरून सगळ्या रानात पाठवल्या होत्या. पाखऱ्याला सकाळपासून पळवून पळवून दमवला होता. अंगावर घामाचा फेस. त्या दिवशी आगाडी-पिछाडी लावायची नाही असा नेम, देवाला बांधून ठेवत नाहीत. मामांच्या हातात नुसती गोंड्यांची रेशमी दोरी. पाठीवर मुखवटा बसला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं" झालं, आणि पाखऱ्या खरंच उभा राहिला. कान मागं टाकलेले, डोळ्यात लाल शिरा, पण उभा.

"बघ, मी म्हनलं न्हवतं?" कुणीतरी म्हणालं.

मी गुडघ्यावर बसले. पहिलं पोर दिलं, पलीकडं गेलं. दुसरं गेलं. मामा घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन सारखं बोलत होते, "व्हय रं राजा, व्हय." माझे हात इतके घामेजले होते की प्रत्येक पोराआधी मी ते पदराला पुसत होते. पोटाखालून बघितलं तर पलीकडं बायांचे पसरलेले हात दिसायचे, मागं गुलालानं माखलेले पाय.

मग कुंभाराची सून मुलीला घेऊन आली. तिनं पोरगी माझ्या हातात देताना माझं मनगट धरलं. "वैनी, नीट," एवढंच म्हणाली आणि पलीकडं पळाली. मी पोरीला आत धरलं. डोक्यावर पाखऱ्याच्या पोटाची कातडी थरथरताना मला दिसली. आणि तेवढ्यात लांब ओढ्याकडून एक घोडी खिंकाळली. मेंढरं घेऊन फिरणारे लोक त्याच सकाळी तिथं उतरले होते, सामान लादलेल्या घोड्या घेऊन. ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

"फुला, सरक!" मामा ओरडले.

सरकू कशी? पोर अर्धी माझ्या हातात, अर्धी अजून कुणाच्याच हातात नाही. मी ती छातीशी ओढली आणि भिंतीच्या अंगाला लोळण घेतली. वर बघितलं तर पाखऱ्या दोन पायांवर उभा, मुखवटा हवेत, आणि मामा. मामांनी दोरी सोडून दिली असती तर ते वाचले असते. पण घोडा उतरला असता तो आमच्यावर. त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारली आणि सगळं अंग टाकून त्याला आपल्याकडं ओढला. तो मामांवर उतरला.

पोरीला ओरखडा नव्हता. रडलीसुद्धा नाही. माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

मामांचं कंबरेचं हाड मोडलं. नंतर ते कधी चालले नाहीत. मिरजेच्या दवाखान्यातून आणल्यावर खाटेवर पडून ते सगळ्यांना सांगायचे, "पोरीचा दोष न्हाई. जनावर माजावर होतं." येणारा-जाणारा मान डोलवायचा आणि बाहेर जाऊन म्हणायचा, येताळबाचं मन मोठं.

देवाचा मान आमच्या घरातून गेला. पाखऱ्याला पंचांनी खच्ची करून विकायचं ठरवलं. आणि आत्याबाई मला म्हणाल्या, "फुला, जरा दिस माहेराला जाऊन ये."

सोपान फाट्यापर्यंत सोडायला आला. पत्र्याची पेटी त्यानं डोक्यावर घेतली होती.  एसटी लांबून दिसली तेव्हा म्हणाला, "न्यायला येतो मी."

"कधी?"

"आबा जरा उठून बसू द्यात."

"ते उठनार हायती का?"

त्यानं पेटी आत ढकलली. "तुजं खरं हाय गं," तो म्हणाला, "पर मी काय करू?" आणि गाडी सुटली. वाईट नव्हता तो. त्याचं हे वाक्य मी आयुष्यभर चघळलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरं लग्न केलं.

पाखऱ्या मला एकदाच दिसला. तालुक्याच्या एसटी स्टँडवर टांग्याला जुंपलेला होता. पांढरे पाय चिखलानं भरलेले, म्हणून आधी ओळखलाच नाही. मी जवळ गेले, हात पुढं केला. त्यानं हात हुंगला आणि मान खाली घालून उभा राहिला. माघातल्यासारखा गरीब. आता त्याला बाराही महिने माघच होता. मी तिथंच भर स्टँडवर रडले. टांगेवाला म्हणाला, "काय झालं बाई?" 

मग मी आण्णांजवळच राहिले. ते गेल्या जन्मीचे कोण माझे, कोण जाणे. त्यांनी मला शिकवलं, अंगणवाडीत कामाला लागेपर्यंत सायकलवर डबल सीट घेऊन फिरले. किती पोरं वाढली या हातांखाली, एकाला ओरखडा नाही. माझ्या नशिबाचं बोलणं निघालं की आण्णा फक्त एक वाक्य म्हणायचे: "त्यांनी माझी लेक टाकली, पर माझा दिवा न्हाई काढला." पिंगळवाडीच्या फाट्यावरून गाडी गेली की ते खिडकीतून वाकून बघायचे. लांबून देवळाचा उजेड दिसला की मला कोपर मारायचे. "लागलाय बघ." दुसरं काय उरलं होतं त्यांच्याजवळ त्या गावचं?

गेल्या मार्गशीर्षात माझा भाचा दिगू आम्हा दोघांना पुण्याकडं घेऊन गेला. तो तिथं घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर कामाला आहे. "आत्या, घोडे बघायला चल की एकदा," म्हणून किती वर्षं मागं लागला होता. मी टाळत होते. पण आण्णांना हौस. नव्वदीला आलेत, डोळे अजून शाबूत, कान मात्र पार गेलेत. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं.

दिवस मावळायला आला होता. लांबच लांब तबेले, स्वच्छ, फरशी घातलेले. आम्ही बघत होतो तोवर एकेका तबेल्यात दिवे लागायला लागले. चांगले झगझगीत. बाहेर अजून ऊन होतं.

"उजेड असताना दिवे का रं?" मी दिगूला सहज विचारलं.

"अगं, लावायलाच लागतात. दिवस मोठा झाला की घोड्याच्या अंगात हार्मोन वाढतात, माज येतो. थंडीत दिवस लहान, म्हणून घोडा गार असतो. त्याला काय पंचांग कळतं का? त्याला उजेड कळतो. डोळ्यावर उजेड जास्त वेळ पडला की त्याच्या डोक्याला वाटतं उन्हाळा आला. म्हणून दिवाळीनंतर दिवे लावायला घ्यायचे. माघापर्यंत घोडा तयार."

"माघापर्यंत," मी म्हणाले.

"हां. दोन-तीन महिने लागतात. घोड्याला चैत आणून द्यायचा, दुसरं काय?" आणि तो हसत पुढं गेला.

मी पाण्याच्या हौदाच्या कडेला बसले.  दिवाळी. भाऊबीज. देवळाच्या भिंतीवरचा लोखंडी हात. ठाणाच्या आढ्याचा दुसरा दिवा, आणि खाली शिडी धरून मी. वीज यावी म्हणून पायरीवर जोडलेले माझे हात. घरात नवं काय आलं, रामा गुरवानं विचारलं होतं. नवं आलं होतं. सगळ्यांच्या डोक्यावर झगझगत होतं आणि त्याच्याच उजेडात सगळे माझ्याकडं बघत होते.

वाटलं, आत्ताच्या आत्ता पिंगळवाडीला जावं. चावडीवर उभं राहून बोंब मारावी, की मी नव्हते, ऐका, मी नव्हते! पण कुणाला सांगू? मामा गेले, आत्याबाई गेल्या, सोपानही गेला. रामा गुरवाचं देऊळ त्याचा नातू बघतो. मला ह्या दोषातून सोडवायला आता त्या गावात कुणी शिल्लकच नव्हतं. ऐकून घेणारा, आणि ऐकून कोसळणारा, जगात एकच माणूस उरला होता. आणि तो तबेल्याच्या दारात मान वर करून दिव्यांचं वायरिंग बघत उभा होता.

"झकास बसवल्यात गं!" आण्णा मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "आन् ऊन हाय तवर लावल्यात. कशापायी गं? काय म्हनला दिगू?"

मी उठले. त्यांच्याजवळ गेले. त्यांनी कान पुढं केला. कानावर पांढरी लव, खांबावर चढताना कधीतरी भाजलेल्याचा जुना डाग. मी ओठ कानाशी नेले.

"डास!" मी ओरडले. "घोड्यांना डास चावू नयेत म्हनून लावत्यात!"

आण्णांनी मान डोलवली. पुन्हा वर दिव्याकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"म्हंजी पाखऱ्याला," ते म्हणाले, "माझ्या दिव्यानं तेवढं तरी सुख लागलं असंल, न्हवं का गं?"

"लागलं आण्णा," मी ओरडून सांगितलं. "लई सुख लागलं."